फक्त झोपायला एवढे पैसे?

डोंबिवलीहून एका ताईंचं लांबलचक पत्र आलंय. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून जानेवारीच्या शेवटी मी, मिस्टर आणि सासूबाई (वय ७६) जोधपूर-जैसलमेरला जाणार आहोत. जाताना वांद्र्याहून सूर्यनगरी एक्सप्रेस, येताना जोधपूरहून सकाळचं विमान. मध्ये एक रात्र वाळवंटात तंबूत. त्याआधी एक रात्र जोधपूरमध्ये राजवाड्यासारख्या हॉटेलात राहावं अशी माझी फार इच्छा आहे. भिशीचे २५ हजार त्यासाठीच बाजूला काढलेत. मिस्टर म्हणतात, रात्री फक्त झोपायला एवढे पैसे? मैत्रीण म्हणते, आधी नको, वाळवंटातून दमून आल्यावर ठेव, नाहीतर राजवाड्यानंतर तंबू भिकार वाटेल. सासूबाई काही बोलत नाहीत. आणि एक विचारायचं होतं, अशा ठिकाणी गेल्यावर तिथली माणसं बघून आपल्याला ओशाळल्यासारखं तर होणार नाही ना?"

ताई, खरा प्रश्न तुम्ही शेवटी, जाता जाता विचारलाय. त्याकडे येतेच. पण आधी तुमच्या मिस्टरांचं ऐकू, कारण त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

दिवसभर किल्ला, बाजार, देऊळ करून रात्री नऊला हॉटेलात शिरायचं, जेवून आडवं व्हायचं आणि सकाळी सातला गाडी बोलावून जैसलमेर गाठायचं, असा बेत असेल तर मिस्टर शंभर टक्के बरोबर आहेत. गादी कितीही मऊ असली तरी झोपलेल्या माणसाला ती कळत नाही. तेवढ्यासाठी स्टेशनाजवळचं स्वच्छ हॉटेल पुरे. पण अशा जागेचे पैसे रात्रीसाठी मोजायचेच नसतात, दिवसासाठी मोजायचे असतात. दुपारचं ऊन गच्चीत उतरतं तेव्हा, बागेत मोर फिरतात तेव्हा, चार वाजता व्हरांड्यात चहा येतो तेव्हा तुम्ही तिथे असायला हवं. आपल्याकडे बहुतेक मंडळी नेमकं उलटं करतात. सगळ्यात महागडी खोली घेतात आणि त्याच दिवशी सगळ्यात जास्त भटकतात.

बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी दोनच्या सुमारास मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बारापर्यंत सोडायची असते. म्हणजे तुमच्या हातात वीस-बावीस तास. सूर्यनगरी तुम्हाला जोधपूरला सकाळी लवकर उतरवणार. त्या दिवशी राजवाडा ठेवलात तर सासूबाईंना घेऊन पाच-सहा तास लॉबीत बसावं लागेल. लवकर खोली मिळणं त्यांच्या मर्जीवर असतं, हंगामात तर धरूनच चाला की मिळणार नाही. म्हणून पहिला दिवस साध्या हॉटेलात काढा. तिथे आधीच फोन करून सांगा की आम्ही पहाटेच्या गाडीने येतोय, अर्ध्या दिवसाचं भाडं जास्त देऊ, पण खोली लगेच हवी. बहुतेक हो म्हणतात. आंघोळ, नाश्ता, तासभर पाठ टेकणं आणि मग मेहरानगड. किल्ला उंचावर आहे, चढ दमवणारा आहे, पण आत लिफ्ट आहे. वेगळं तिकीट काढावं लागतं. ते काढा, सासूबाईंच्या गुडघ्यांपुढे त्या पैशांचं काही मोल नाही. राव जोधा या राजाने १४५९ मध्ये या किल्ल्याचा पाया घातला. आतलं संग्रहालय नीट मांडलेलं आहे, अंबाऱ्या आणि पालख्या सासूबाईंना आवडतील. संध्याकाळी घंटाघराचा बाजार, मिरचीवडा आणि माखनिया लस्सी. लस्सी तिघांत दोन पुरते, घट्ट असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी राजवाड्यात जा आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिथून निघा. मधल्या वेळात गेटाबाहेर पाऊल टाकायचं नाही. हॉटेल बदलायचा थोडा व्याप होईल खरा, पण तुमच्या भिशीच्या पैशांचं चीज होणार असेल तर याच रीतीने.

आता मैत्रिणीचं म्हणणं. दमून आल्यावर ऐष करावी हे एरवी मलाही पटतं. वाळू केसांत, कानांत, बॅगेच्या चेनमध्ये शिरलेली असते आणि तेव्हा भरपूर गरम पाण्यासारखं सुख नाही. पण तुमच्या तिकिटांकडे बघा. सम (जैसलमेरजवळ तंबू असतात ती जागा) ते जोधपूर सव्वातीनशे किलोमीटरच्या घरात आहे. सकाळी तंबू सोडून, वाटेत जेवून, पोखरणला चहा घेऊन जोधपूरला पोचेपर्यंत दिवस कलतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. म्हणजे पुन्हा मिस्टरांचंच खरं, फक्त झोपणं. ती शेवटची रात्र विमानतळाजवळ कुठेही काढा. विमानतळ शहराला लागूनच आहे.

राजवाड्यानंतर तंबू भिकार वाटेल, हे मात्र मला पटत नाही. माणूस थकलेला असला की तंबूतली बादली, फडफडणारं कापड, उशिरा आलेलं जेवण, सगळंच खटकतं. आदल्या दिवशी पोटभर आराम झालेला असला तर तीच बादली मजेची वाटते. तुमच्याबरोबर ७६ वर्षांच्या बाई आहेत. आगगाडीची रात्र, किल्ल्याचा दिवस आणि लगेच पाच तासांचा रस्ता, हे त्यांना झेपणार नाही. मध्ये एक रिकामा दिवस हवाच आहे. तो राजवाड्यात घालवला तर बिघडलं कुठे? मिस्टरांना हेच सांगा, पटेल.

कुठे राहायचं? उमेद भवन या तिथल्या प्रसिद्ध राजवाड्याचा विचार मनात असेल तर स्पष्टच सांगते, तुमच्या २५ हजारांत ते बसत नाही. हंगामातलं एका रात्रीचं भाडं याच्या कितीतरी पट होतं. पण ते बघायला राहावं लागत नाही. वाड्याच्या एका भागात राजघराणं राहतं, एका भागात ताजचं हॉटेल आहे आणि एका भागात संग्रहालय आहे, तिथे तिकीट काढून कोणीही जाऊ शकतं. तुमच्या हॉटेलात शिरण्याआधी सकाळी तास-दीड तास तिथे घालवा. बाहेर महाराजांच्या जुन्या मोटारी आहेत, आत घड्याळांचा संग्रह आहे.

आणि मिस्टर उधळपट्टीवर बोलायला लागलेच तर त्यांना या वाड्याची गोष्ट सांगा. बांधकाम सुरू झालं १९२९ मध्ये, पूर्ण झालं १९४३ मध्ये. मारवाडात ओळीने दुष्काळ पडले होते आणि लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून महाराजा उमेदसिंहांनी ते काढलं. दोन-तीन हजार माणसं वर्षानुवर्षं दगड घडवत होती. आपल्याकडे ७२ च्या दुष्काळात लोकांनी रस्त्यांसाठी खडी फोडली, पाझर तलाव खणले. तिथे राजवाडा उभा राहिला. तलाव जास्त उपयोगी पडले असते असं कुणी म्हणालं तर मी भांडणार नाही. दगडात दगड अडकवून भिंती रचल्यात, चुना-सिमेंटाचा सांधा नाही. लंडनहून मागवलेलं फर्निचर महायुद्धात बुडालं, मग नॉर्ब्लिन नावाच्या, युद्धामुळे देश सोडून आलेल्या पोलिश चित्रकाराने आतली सजावट केली आणि भिंतींवर रामायणातले प्रसंग रंगवले. एवढ्या खटाटोपानंतर महाराजांना तिथे जेमतेम चार वर्षं मिळाली. १९४७ मध्ये ते गेले.

तुमच्या बजेटसाठी जोधपूरमध्ये दुसऱ्या जागा आहेत. उमेदसिंहांचे धाकटे बंधू अजितसिंह यांच्यासाठी बांधलेलं अजित भवन आहे. मंडोरच्या रस्त्याला बाराव्या शतकातल्या तलावाकाठचा बालसमंद पॅलेस आहे, शहरापासून थोडा बाजूला, तुमच्या 'गेटाबाहेर जायचं नाही' या बेताला सोयीचा. जुन्या शहरात तूरजी का झालरा या पायविहिरीच्या आजूबाजूला हवेल्यांची हॉटेलं आहेत, तिथून किल्ला डोक्यावर दिसतो. पण तिथल्या गल्ल्या अरुंद, काही ठिकाणी गाडी दारापर्यंत जात नाही आणि जिने उंच. सासूबाई बरोबर आहेत म्हणून ती जागा मी तुम्हाला सुचवणार नाही. एरवी पहिली तीच सुचवली असती.

फोन करताना तीन गोष्टी नक्की विचारा. एक, खोली जुन्या वाड्यात आहे की मागे नंतर बांधलेल्या भागात? वेबसाइटवर फोटो वाड्याचे असतात आणि स्वस्तातली खोली बहुधा मागच्या इमारतीत निघते. तुम्हाला वाडाच हवाय ना, मग हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील. दुसरं, तिसऱ्या माणसाचं काय? जादा पलंगाचे पैसे वेगळे असतात आणि तो बऱ्याचदा घडीचा, चाकांचा असतो. मोठ्या पलंगावर तुम्ही आणि सासूबाई, घडीच्या पलंगावर मिस्टर. रौप्यमहोत्सवी वर्षात त्यांना एवढं सोसू दे. किंवा जवळजवळच्या दोन लहान खोल्यांचा भाव विचारा, कधीकधी एका मोठ्या खोलीपेक्षा फार फरक पडत नाही. तिसरं, भावात नाश्ता धरलाय का? त्यांच्या भाषेत सीपी म्हणजे नाश्त्यासह, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण. सीपी घ्या.

करांचं गणित आधीच करून ठेवा. खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर गेलं की त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अशा हॉटेलातल्या जेवणावरही तोच दर. म्हणून २५ हजारांची खोली घेऊ नका, पंधराची घ्या. करासकट ती १७,७०० ला पडेल. उरलेल्यात जादा पलंग, रात्रीचं जेवण आणि बक्षिशी निघेल, आणि मेन्यू उघडल्यावर तुमची नजर उजव्या बाजूच्या आकड्यांवरून फिरणार नाही. एवढे पैसे भरून जर आकडे बघूनच जेवायचं, तर मग कशाला गेलो?

आता ओशाळण्याचं. गाडी पोर्चमध्ये थांबते, दरवाजा दुसरंच कुणीतरी उघडतं. फेटेवाला दरबान 'खम्मा घणी' म्हणून हात जोडतो. कुणी टिळा लावतं, गळ्यात हार घालतं, थंड सरबताचा ट्रे पुढे येतो. सामानाला तुम्ही हात लावायच्या आत ते गेलेलं असतं. या पाच मिनिटांत आपल्यासारखी माणसं बावरतात, कारण आपलं सामान आपण उचलायची सवय असते आणि कुणी एवढं अदबीनं वागलं की आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटायला लागतं. काही चुकत नसतं. तुम्ही 'राम राम' म्हणायचं, सरबत घ्यायचं आणि खुर्चीत बसायचं. फॉर्म टेबलावर येतो, तिघांचं आधार हाताशी ठेवा. एक विचारून घ्या: काही हॉटेलं वरच्या खर्चासाठी म्हणून कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला नंतर काही दिवस लागतात. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि पुढे जैसलमेरला पंचाईत होते. क्रेडिट कार्ड द्या, नाहीतर रोख अनामत चालेल का विचारा.

खोलीत ठेवलेल्या पाण्याच्या साध्या बाटल्या बहुतेक फुकट असतात. छोट्या फ्रिजमधलं मात्र काहीही फुकट नसतं, काजूसुद्धा. कपडे धुवायला टाकू नका, एका साडीच्या धुलाईत बाहेर नवा रुमालांचा डझन येईल. सामान आणून देणाऱ्याला शंभर रुपये दिलेत तरी छान, आणि निघताना रिसेप्शनवर सगळ्यांसाठी पेटी असते तीत टाका. दर वेळी कोणी दार वाजवलं की पर्स शोधायची गरज नाही.

कपड्यांचं म्हणाल तर सासूबाईंनी नऊवार नेसून तिथे जेवायला बसावं, सगळ्यात जास्त मान त्यांनाच मिळेल. हे गोड बोलायचं म्हणून सांगत नाहीये. राजस्थानात वयस्कर बाईला 'माँसा' म्हणून जो मान देतात तो हॉटेलातही सुटलेला नाही. आणि डब्यातले बेसनाचे लाडू खोलीत बसून खुशाल खा. तिथल्या वेटरनेही घरून आणलेला डबाच खाल्लेला असतो. संध्याकाळी केर-सांगरीची भाजी मागवा. सांगरी म्हणजे खेजडीच्या, आपल्या शमीच्या, वाळवलेल्या शेंगा. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच झाड दिसत राहील. तिखट कमी करा असं सांगायला लाजू नका.

बाकीच्या पाहुण्यांचं विचारलंत. अहो, त्यांतले निम्मे लग्नाच्या वऱ्हाडातले असतात आणि आपलाच फेटा सापडत नसल्याने हैराण असतात. तुमच्याकडे बघायला कुणाला सवड नसते.

दुपारी जेवून निघालात की जैसलमेर पाच तासांवर. रस्ता चांगला आहे. जैसलमेरला मुक्काम किल्ल्याच्या आत करू नका, हा माझा हट्ट समजा. ११५६ मध्ये उभारलेल्या या किल्ल्यात आजही माणसं राहतात आणि आतल्या हॉटेलांचं सांडपाणी टेकडीत मुरून पाया खचतो, बुरूज ढासळलेत. तो किल्ला जेव्हा बांधला तेव्हा पाणी घागरीने यायचं, नळाने नाही. बाहेरून किल्ला दिसेल अशी गच्ची असलेलं हॉटेल घ्या, आणि सकाळी आत फिरायला जा.

तंबूंसाठी बहुतेक लोक समला जातात, जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटर. सम म्हणजे ओळीने कॅम्प, जीपगाड्या आणि रात्री उशिरापर्यंत डीजे. शांतता हवी असेल तर खुडीकडे चौकशी करा, तिथे गर्दी कमी असते. कुठेही गेलात तरी सासूबाईंच्या दृष्टीने विचारायचं ते एवढंच: गाडी तंबूपर्यंत येते का, की वाळूतून चालायचं आहे? संडास कमोडचा आहे का, आणि न्हाणीघराला पायरी किती उंच? गरम पाणी किती वाजता मिळतं? जादा रजया मिळतात का? जानेवारीत दिवसा स्वेटर काढावासा वाटतो आणि रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. हवा कोरडी, वर ढग नाहीत, त्यामुळे वाळू जेवढ्या लवकर तापते तेवढ्याच लवकर गार पडते. कानटोपी, लोकरी मोजे आणि डोळ्यांत घालायचे थेंब हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

उंटावर सासूबाईंना बसवू नका. उंट उठताना आधी मागचे पाय उचलतो, बसणारा एकदम पुढे झुकतो, मग पुढचे पाय उठतात आणि तो मागे फेकला जातो. तुम्ही बसाल तेव्हा त्या पहिल्या हिसक्याला मागे रेला आणि खोगिराची मूठ सोडू नका. उतरताना पुन्हा तेच, आधी पुढचे गुडघे टेकतात. सासूबाईंसाठी उंटगाडी सांगा. सपाट फळी, वर गादी, विमानाची जुनी चाकं लावलेली असली तर धक्केही कमी बसतात.

रात्री मांगणियार, म्हणजे तिथले पिढीजात लोकगायक, येतील. ध्वनिक्षेपक बंद करून एक गाणं म्हणतील का, असं आधी कॅम्पवाल्याला विचारा आणि पुढे जाऊन बसा. कमायचा हे त्यांचं गजाने वाजवायचं वाद्य, त्याच्या पोटावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं असतं. त्याचा आवाज स्पीकरमधून निम्माही कळत नाही. पैसे कॅम्पवाल्याकडे न देता त्यांच्या हातात द्या.

सासूबाई काही बोलत नाहीत, असं लिहिलंय तुम्ही. त्यांना 'चालेल का' असं विचारू नका, त्या चालेल म्हणतील. त्याऐवजी 'आई, राजवाड्यात राहायचंय की तो दिवसही जैसलमेरात काढायचा' असं विचारा आणि त्या काय म्हणतात ते मिस्टरांच्या समोर ऐका. निकाल तिथेच लागेल असा माझा अंदाज आहे.

एक तारखांचं. जैसलमेरचा मरू महोत्सव माघी पौर्णिमेच्या सुमारास असतो, म्हणजे जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. तुमच्या तारखा त्यात सापडल्या तर कॅम्पचे भाव दुप्पट आणि गर्दी चौपट. कालनिर्णय काढून बघा. तारखा सरकवता येत असतील तर आठ दिवस अलीकडे घ्या. येत नसतील तर तंबूचं बुकिंग आजच करा. राजवाड्याचं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.